गोरक्षच्या पायाचं माप

प्रिय वरद भाऊजी,

राजूरच्या पोस्टातून निघालेलं हे पाकीट बंगळूरला तुमच्या ऑफिसात फोडाल, तेव्हा आधी वर्तमानपत्राचे दोन मोठे तुकडे बाहेर पडतील. घाबरू नका, ते तुमच्या मित्राचे पाय आहेत. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही मीटिंगमध्ये असता आणि इकडे हे कान देऊन बसलेले असतात. म्हणून शाळा सुटल्यापासून कधी न केलेला उद्योग करतेय, पत्र लिहितेय. कडा चढायचे बूट हवेत, रुंद पायाचे. माझ्या नवऱ्याचा जीव त्या बुटांत अडकलाय असं समजा आणि शेवटपर्यंत वाचा.

मी श्रीगोंद्याची, उसातली. आमच्याकडे उंच म्हणजे उसानं भरलेली ट्रॉली. बुटांतलं मला ओ की ठो कळत नव्हतं. आता मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून एवढं कळलंय की नवशिक्यांचे सपाट, मऊ बूट यांच्या कामाचे नाहीत आणि ते पोपटाच्या चोचीसारखे खाली वाकलेले, पट्टीच्या लोकांचे, यांच्या पायात शिरणार नाहीत. मधले हवेत. बोटं टोकाला टेकली पाहिजेत पण दुमडायला नकोत, टाचेत पोकळी नको, आणि जागा हवी ती पंज्याला, लांबीला नाही. इथंच घोडं पेंड खातं. मी शहाणपणा करून दोन नंबर मोठे मागवले, पोरांना शाळेचे बूट घेतो तसे. पंजा खुशाल बसला, पण अंगठ्यापुढं मोकळं मैदान आणि टाच चपलेसारखी फटफट. हे ओट्याच्या कडेवर बुटाच्या टोकावर उभे राहिले, टोक वाकलं आणि हे खाली. ओटा गुडघाभरच होता म्हणून सगळे हसलो. मी नंतर चुलीपाशी जाऊन रडले, ते कुणाला दिसलं नाही.

यांचे पाय तुम्हाला ठाऊकच आहेत. भाताच्या चिखलात आणि कातळावर अनवाणी वाढलेले, बोटं पसरलेली, करंगळी तर वेगळा संसार थाटल्यासारखी लांब. सासूबाई म्हणतात, "माझ्या गोरक्षाचा पाय न्हाई त्यो, फावडं हाय." आणि तुमचा पाय शहरातला, निमुळता. जाताना तुम्ही तुमचे बूट यांना देऊन गेलात, मोठ्या मनानं दिलेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यात हे पाय कोंबून यांची नखं काळी पडलीत, अंगठ्याच्या मुळाशी गाठ आलीय. टाकून द्या म्हटलं तर म्हणतात, "वरदनं दिलेत. फाटस्तवर न्हाई टाकायचो." बायकोनं दिलेला स्वेटर मात्र उंदरांनी खाल्ला तरी पत्ता नव्हता.

वस्तीमागच्या कड्यावर तुम्ही दोघांनी खिळे ठोकत अर्ध्याच्या वर वाट केलीत आणि मग तुमची बंगळूरची नोकरी आली. दोर धरायला खाली दुसरा माणूस लागतो, हे तुम्हीच मला समजावलं होतं. इथं दुसरा माणूस नाही. मी धरते म्हटलं तर हे हसतात, "तुझा हात कापला मंजी?" तेव्हा दोर आमच्या माळ्यावर आणि हे दोराशिवाय कड्यावर. आधी खालच्या टप्प्यापर्यंतच जायचे. आता कुठपर्यंत जातात ते मी विचारत नाही, विचारलं की दिवसभर हातून काम होत नाही.

गेल्या आठवड्यात मी आणि सासूबाई कड्याखाली गवत कापत होतो. वरून काहीतरी आलं आणि माझ्यापासून हाताच्या अंतरावर धपकन पडलं. तुमचा बूट. भाऊजी, मी वर बघितलंच नाही. बुटामागून माणूस येणार, एवढंच डोक्यात होतं, आणि ते मला बघायचं नव्हतं. मग दुसरा बूट आला. तेव्हा मी मान वर केली आणि लग्नानंतर पहिल्यांदा, सासूबाईंच्या देखत, नवऱ्याचं नाव घेऊन किंचाळले. हे एका अरुंद कंगोऱ्यावर उभे होते, एक हात फटीत घातलेला आणि दुसऱ्या हातानं पायाची बोटं चोळत होते. बोटं बधिर झाली होती म्हणे, पाय दगडावर आहे की हवेत तेच कळेना, म्हणून बूट काढून टाकले आणि बाकीचं अनवाणी चढले. मागच्या वाटेनं संध्याकाळी घरी आले आणि चहा मागितला. मी चहा टाकला नाही. सासूबाईंनी पाठीत धपाटे घातले, म्हणाल्या, "आदी आमाला पुर आन् मग जा वर." दुसऱ्या दिवशी तेच बूट पुसून उन्हात ठेवलेले दिसले.

माप मी चोरून घेतलंय. मी अंगण सारवत होते, आणि हे ओल्यातून तरातरा चालत गेले. एरवी मी वस्ती डोक्यावर घेतली असती. पण व्हिडिओत सांगितलं होतं की माप उभं असताना घ्यावं, अंगाचा भार पडला की पंजा खरा पसरतो, आणि संध्याकाळी घ्यावं, दिवसभरानं पाय फुगलेला असतो. दोन्ही आयतंच जमलं होतं. मी ते ठसे कागदावर उतरवून घेतले. उजवा जरा मोठा आहे, त्याच्या मापानं घ्या. चामड्याचे मिळाले तर बरं, ते पंज्याला थोडे सैलावतात. आणि पट्ट्यांपेक्षा नाडीचे बघा, नाडी पुढं ढिली ठेवून टाचेशी आवळता येते. मी घेतलेले हे आता घालणार नाहीत, तुमच्या हातचे घालतील. भात निघालं की वरचा राहिलेला टप्पा करणार म्हणतात, आणि भात आता पिवळं पडायला लागलंय.

पण कधी कधी वाटतं, चावतायत तेच बूट बरे, निदान अर्ध्यातून परत येतील. चांगले बूट यांना आणखी वर नेतील, एवढंच ना? असले विचार येतात आणि माझी मलाच भीती वाटते. देव पाण्यात घालून बसलेय मी.

खरं सांगते, हे बुटांचं पत्र नाही. परवा रडत विचारलं की कशासाठी जाता वर, काय ठेवलंय तिथं? तर म्हणाले, "वरद आल्यावर वाट साफ पायजे. फटीतलं गवत काढून ठेवतो." भाऊजी, हे तुमच्यासाठी जातात. दर फोनला तुम्ही म्हणता, बघू, पुढच्या महिन्यात जमवू. तुमच्याकडे ती फोन ठेवायची रीत असेल, इथं हा माणूस ते खरं धरून दुसऱ्या दिवशी कड्यावर चढतो. तुमच्या मंडळींनी, रुचावहिनींनी, मला गेल्या दिवाळीतच सांगितलं होतं की लेक झाल्यापासून तुम्ही चढणं सोडलंत, सामानसुद्धा देऊन टाकलंत. मी तुम्हाला नावं ठेवत नाही. उलट माझ्या नवऱ्याला तशी बुद्धी व्हावी म्हणून मी नवस बोललेय. पण माझ्या तोंडून त्यांना ते पटणार नाही. येऊन दोर धरणार असाल तर बूट घेऊन या, मी तुमचे पाय धुईन. येणार नसाल तर बूट पाठवू नका. यांना फोन करा आणि सांगा की मी आता कधीच येणार नाही. हे जेवणार नाहीत, माझ्याशी बोलणार नाहीत, तुमचं नाव काढू देणार नाहीत, ते सगळं मी सोसेन. तेवढा एक फोन करा, भात निघायच्या आत.

पाया पडून सांगणारी, तुमचीच
रेश्मावहिनी