फोटोसाठी धुतलेलं इंजिन

बेंगळूर, शुक्रवार, मार्च १९६४

आज फार दमलो. उन्हानं नाही, दोघांच्या मध्ये उभं राहून. आमच्या कारखान्यात आलेला जर्मन पाहुणा जाईल त्या देशात चालती जुनी रेल्वे इंजिनं शोधतो आणि त्यांचे फोटो काढतो. माझे थोरले भाऊ, अण्णा, येलहंक्याकडच्या छोट्या गाडीवर ड्रायव्हर. म्हटलं, दोघंही खूश होतील.

पण पाहुणा येणार म्हटल्यावर अण्णांनी काय करावं? पहाटेच इंजिन धुतलं, तेलानं पुसलं, हळदकुंकू लावलं, वर झेंडूचा हार! पाहुण्याला हवं होतं काजळीनं माखलेलं, रोजचं इंजिन. त्याचा चेहराच पडला.

"स्वल्प थांबा म्हणावं त्यांना, हार सरळ करतो," अण्णा म्हणाले, आणि टोपी नीट करून इंजिनाशेजारी ताठ उभे राहिले. पाहुण्यानं कॅमेरा डोळ्याला लावून बटण दाबलं. भिंगावरचं झाकण तसंच होतं. विसरला असेल? छे. माझी नजर त्यानं चुकवलीच की.

रागावू तरी कसा? अण्णांचं मन मोडू नये म्हणूनच केलं त्यानं. पण ते झाकण डोळ्यांपुढून हलत नाही.

संध्याकाळी अण्णांकडे गेलो, सांगूनच टाकावं म्हणून. वहिनींनी दारातच विचारलं, "भावजी, फोटो केवढा येईल हो?" आत अण्णा स्टुलावर चढून भिंतीत खिळा ठोकत होते.

मी स्टूल धरून उभा राहिलो.