पप्पांनी पलटलेला ढीग

१४ सप्टें., रवि.
पप्पांना ताईकडे ब्रिस्बेनला जाऊन तीन आठवडे झाले. आज व्हिडिओ कॉलवर परसातला पक्षी दाखवला. काळा, कोंबड्याहून मोठा, लाल मान, गळ्यात पिवळी लोंबती कातडी. गल्लीभरचा पाला पायांनी मागे उडवत आणतो आणि कंबरेएवढा ढीग करतो. ताईचा कढीपत्ताही उपटला. ती वैतागलीय, पप्पा खूश. "हा आपल्या खात्यातला दिसतो." एकतीस वर्षं दादरच्या बागेत माळी होते. इथे माझ्या मागून आई म्हणाली, "तिथं जाऊनही पालाच बघा."

१७ सप्टें.
दुपारी ऑफिसात पप्पांचा फोन. ताई कामावर गेली असताना ढीग पलटला. हात घातला तर आत गरम; पाल्याचं खत तापलं की पलटायचं, हा हाताचा सराव. फावड्याला अंडं लागलं. फुटलं. आणखी पाच गडगडली, ती परत पुरली.
मी लगेच वाचून सगळं सांगून टाकलं. नर त्या उबेवरच अंडी उबवतो, ती हलवायची नसतात, तिथे कायद्याने अंडी असलेल्या ढिगाला हातही लावता येत नाही. एका दमात. जरा थांबायला हवं होतं. पण माहीत असेल ते लपवायचं नाही, हे त्यांनीच शिकवलं, पाटीवर अक्षरं गिरवायच्याही आधी.
"ताईला बोलू नकोस," म्हणाले. मी हो म्हटलं.

२० सप्टें.
ताईचा फोन. पप्पा नीट जेवत नाहीत, पायरीवर बसून असतात. तू भांडलीस का? नाही म्हटलं. खरंच आहे, तरी...
पुढच्या शनिवारी ढीग उचलायला ती माणूस बोलावतेय. आत अंडी नाहीत ना, असं तिने पप्पांना विचारलं. ते म्हणाले, नुसता पाला आहे.

२३ सप्टें.
पप्पांशी बोलले. पक्ष्याने दोन दिवसांत ढीग पुन्हा रचला. चोच खुपसून ऊब बघतो, जास्त वाटली की थोडा पाला काढतो. मग म्हणाले, "सकाळी वंदनेला पहिलं शील म्हणवत नाही गं. आता चौथंही." पंचशीलातली ही दोन: जीव न घेणं. खोटं न बोलणं.
मी म्हटलं, मुद्दाम केलं नाहीत, हेतू बघतात.
"पहिल्यात नव्हता. चौथ्यात होता."
शुक्रवारपर्यंत तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगेन, म्हटलं. त्यांनी फोन ठेवला.

२६ सप्टें., शुक्र.
संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. ताईला सांगू का, असं आईला विचारलं. ती मेथी निवडत होती. "बापाला शब्द दिलास तेव्हा विचारलंस का मला? आता ठरवूनच आलीयस."
ताईला सांगितलं. तिने विचारलं, "मी ओरडेन असं वाटलं का गं त्यांना?" माणसाला नको म्हणून कळवते म्हणाली.

२९ सप्टें.
ढीग आहे. पाचांतली किती जिवंत, कोण सांगणार. सात आठवड्यांनी पिल्लू एकटंच उकरत वर येतं आणि कुणासाठी न थांबता झाडीत पळतं, असं वाचलंय. पप्पांनी परतीचं तिकीट पुढे ढकलायला लावलं. ताईकरवी मला विचारलं, पिल्लं दिवसा निघतात की रात्री? ठरलेली वेळ नाही, असं कळवलं.
त्यांचा फोन आता आईच्या मोबाइलवर येतो. मी समोर बसलेली असते तेव्हाही.