घर करिश्माला, कुलूप भाऊजींना

मी, अयोध्या मल्लिनाथ बिराजदार, वय एकसष्ट, धंदा कडक भाकरी करून विकणे, राहणार मुरुम, तालुका उमरगा, जिल्हा धाराशिव, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि अक्कलहुशारीने लिहून ठेवते. कुणाची जबरदस्ती नाही, कुणाची फूस नाही. वकिलांनी टाइप करून आणलेला मसुदा चांगलाच होता, पण त्यात मी कुठंच नव्हते. म्हणून सगळं पुन्हा माझ्या हातानं लिहिते आहे.

आज मला लई आनंद झाला आहे, तो लपवत नाही. मला मनाचा आजार आहे. कधी मन उधळतं, कधी पार बसतं. त्यामुळे मी जरा मोठ्यानं हसले की गल्लीतले विचारतात, "अयोध्याबाई, गोळी घेतली ना?" घेतली, बाबांनो! माझे दीर गौरीशंकर साखरेची गोळी घेतात, मी मनाची घेते. उद्या कुणी कोर्टात म्हणेल, बाईनं हे वेडाच्या भरात लिहिलं. म्हणून काल उमरग्याला डॉक्टरांकडे जाऊन आले. त्यांचा दाखला सोबत जोडला आहे. मी विचारलं, "साहेब, हा आनंद आजाराचा तर न्हाय ना?" ते म्हणाले, "नाही बाई. झोप नीट आहे, बोलणं जागेवर आहे. हा साधा आनंद आहे." साधा आनंद! एवढ्या वर्षांत मला असं कुणी सांगितलं नव्हतं.

आनंदाचं कारण माझी एकुलती मुलगी करिश्मा. वय अठ्ठावीस, जन्मापासून बुद्धीनं मागे. माझ्यामागे तिचा पालक कोण, हे धाराशिवला कलेक्टर कचेरीतल्या समितीपुढं ठरायचं होतं. गौरीशंकर भाऊजींनी अर्ज दिला होता की पोरगी आश्रमात ठेवावी आणि घर त्यांनी सांभाळावं. समितीच्या बाईंनी मला नाही, भाऊजींना नाही, सरळ करिश्मालाच विचारलं, "आई नसली तर कुठं राहशील?"

"घरी."

"एकटी?"

"झरीनअक्का हाय की! काका नको. काका 'ए येडे' म्हणतो."

"आणि स्वयंपाक?"

"मी करते. तुमी येता का जेवायला?"

बाई हसल्या. भाऊजी खाली बघत बसले. निकालाचा कागद परवा हातात आला, पालक म्हणून शेजारच्या झरीनच्या नावाचा. म्हणून ही घाई.

कलम पहिले. माझं दोन खोल्यांचं घर, जे माझ्या मयत पतींनी हयातीतच माझ्या नावे खरेदी केलं, ते माझ्या पश्चात एकट्या करिश्माच्या मालकीचं राहील. ते विकू नये, गहाण टाकू नये. तिला तिथून कुणी हलवू नये. बँकेत जे असेल ते तिच्या औषधपाण्याला आणि खाण्यापिण्याला.

कलम दुसरे. करिश्माची पालक म्हणून झरीन फकीर शेख हिनं काम बघावं. आमच्या भावकीत माणसं नव्हती का, असं विचारतील त्यांच्यासाठी लिहिते. करिश्मा सात वर्षांची असताना तिला तपासणीच्या शिबिरात नेलं. तिथल्या साहेबांनी गाईचं चित्र दाखवून विचारलं, "हे काय?" पोरगी खुशीत ओरडली, "आकळ!" आमच्या घरात कानडी बोलतात, आणि कानडीत गाईला आकळ म्हणतात. साहेबांना ऐकू आलं 'अक्कल'. म्हणाले, "ती तर तुझ्याकडे नाहीच!" सगळे हसले. मला रडू आलं. शेजारच्या सकिनाबी सोबत होत्या, त्या ताडकन उठल्या, "ओ साब, बच्ची बराबर बोल री! कानडीत गाय म्हणती ती!" साहेबांनी ऐकलं आणि तरी लिहिलं, शिकवण्यायोग्य नाही.

झरीन ही त्या सकिनाबींची मुलगी. ती मोठी होऊन खास मुलांची शिक्षिका झाली आणि तिनं करिश्माला शिकवलं, आधी कानडीत, मग मराठीत. करिश्मा काही कलेक्टर झाली नाही. सुट्टे पैसे तिला आजही जमत नाहीत. पण भाकरी माझ्यापेक्षा पातळ थापते, नाव वाचते, आणि नको असेल तर "नको" म्हणते. हे शेवटचं शिकवायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

कलम तिसरे. तवा, परात आणि भाकरीचे डबे करिश्माचे. माझी हिरवी इरकल झरीनला. "मला नको," म्हणेल. ऐकू नये, द्यावीच.

कलम चौथे. मल्लिनाथ वारले त्या वर्षी माझा आजार बळावला. तेव्हा भाऊजींनी मला मागच्या खोलीत कोंडून बाहेरून कुलूप लावलं आणि गावाला सांगितलं, वहिनी माहेरी गेली. करिश्माला काय झालंय ते सांगता येईना. तिनं सकिनाबींचा हात धरून ओढत दारापर्यंत आणलं. म्हणून मी वाचले. ते कुलूप मी जपून ठेवलं आहे. ते किल्लीसकट भाऊजींना द्यावं. त्यांना दुसरं काही नाही. भाऊजी, राग गेलेला नाही, खोटं कशाला बोलू? तरी दिवाळीला करिश्माकडे जेवायला या. मात्र तिला नावानं हाक मारायची.

एवढं लिहून झालं तशी करिश्मा पेन घेऊन आली, मीही सही करणार म्हणून हटून बसली. दुकानदार हरिबा साक्षीला आले आहेत, ते म्हणाले, "ज्याला मिळतं त्यानं साक्ष द्यायची नसती, बाळा. घर हातचं जाईल." ती रुसली. मग मी तिला पहिलं कलम दाखवलं. तिनं बोट ठेवून आपलं नाव वाचलं, आणि वर मान करून विचारलं, "अव्वा, तू मेलीस तरी मी हितंच?"

"हितंच."

"मग कर की सही, लौकर!"

म्हणून सही करते.

सही: अयोध्या मल्लिनाथ बिराजदार

आम्हा दोघांसमक्ष अयोध्याबाईंनी हसत हसत, पूर्ण शुद्धीत सही केली. त्यांच्यासमोर आम्हीही केली:
१. हरिबा मारुती घोडके, किराणा दुकानदार, मुरुम
२. सकिनाबी फकीर शेख, शेजारीण, मुरुम

ठिकाण: मुरुम, राहते घर
दिनांक: ९ जानेवारी २०२५