रोड टॅक्स : शून्य

मंगळवार, ३ सप्टेंबर
स्कूटर आली. चार चाकं, रुंद सीट, पुढे बास्केट, रंग लाल. दुकानदार तिला मोबिलिटी स्कूटर म्हणतो, पाय थकलेल्यांसाठी, बॅटरीवरची. मी गाडी म्हणणार. आयुष्यभर ड्रायव्हिंग टेस्ट घेतल्या, अर्धं सँडलथॉर्प गाव नापास केलं. गाडी कशाला म्हणतात हे मला दुकानदाराने शिकवू नये. वेग ताशी आठ मैल. पुष्कळ झाला. या गावच्या लोकांची लायकी सहाचीच आहे.

लायसन्स मी जूनमध्ये स्वखुशीने परत केलं. चष्म्याच्या दुकानातल्या पोरीला माझ्याकडून वीस मीटरवरची नंबरप्लेट वाचून हवी होती. वाचली. तिला पटली नाही. अशांच्या तोंडी कोण लागणार.

काठी कुत्र्यांसाठी आहे. गुडघा ठणठणीत आहे, फक्त जिन्याशी त्याचं पटत नाही.

बेत: नोंदणी, टॅक्स, नंबरप्लेट, आणि मग हमरस्त्याने थेट टेकडीवरच्या केअर होमला, म्युरिएलकडे. खुब्याचं हाड मोडल्यापासून बायको तिथे आहे. तिकडची बस बंद झालीय. जुलैमध्ये एकदा टॅक्सी केली, तर परत येताना ड्रायव्हर एका हाताने चालवत होता. अर्ध्या वाटेत उतरलो. तेव्हापासून जाणं झालं नाही. १३ ऑक्टोबरला तिला ऐंशी पूर्ण होतात. त्या दिवशी मी माझ्या गाडीने हजर.

गुरुवार, ५ सप्टेंबर
शेजारची जॅकी ब्लेंकिन कुंपणावरून म्हणाली, सर, मी दर रविवारी त्याच बाजूला जाते, सोडू का तुम्हाला? मी या बाईला पाच वेळा नापास केलं आहे. सहाव्या वेळी मी तापाने अंथरुणात होतो आणि कोणा सहकाऱ्याने तिला पास करून टाकलं. तिच्या शेजारी मी सहाव्यांदा बसणार नाही, मेलो तरी. तोंडावर तसं म्हणालो नाही. म्हणालो, बघू.

सोमवार, ९ सप्टेंबर
फॉर्म आला. वाहनाचा प्रकार: अपंग व्यक्तीचं वाहन. मी नीट अक्षरात लिहिलं: मोटारकार (लहान).

टॅक्सचा रकाना सापडेना म्हणून नोंदणी कचेरीला फोन केला. तिथली मुलगी म्हणाली, या गाड्यांना टॅक्स शून्य आहे, पण टॅक्स करून घ्यावा लागतो. विचारलं, शून्य भरायचं कसं? म्हणाली, भरायचं नाही हो काका, फक्त करून घ्यायचं. असल्या डोक्यांच्या हाती देश आहे.

मी फुकट्या नाही. गावातल्या प्रत्येक सायकलवाल्याला मी काच खाली करून विचारत आलोय: रोड टॅक्स भरता का? जो भरतो त्याचा रस्ता. रिटायर्ड पाद्री पार्जिटर सत्तरी उलटल्यावर पिवळ्या चड्डीत सायकल हाणतो, त्याला तर दर आठवड्याला विचारलं. आता मीच शून्य भरू? फॉर्मसोबत लहान मोटारीइतक्या टॅक्सचा चेक जोडला.

बुधवार, १८ सप्टेंबर
फॉर्म परत. चेकही परत. सोबत अत्यंत नम्र पत्र. काम न करणाऱ्यांना नम्रपणा बरा जमतो. शेवटी लिहिलंय, नंबरप्लेट लावायची गरज नाही. मग नोंदणी केलीय हे लोकांना कळायचं कसं, कपाळावर लिहून?

म्युरिएलचा फोन. वळवायला जड आहे का, ब्रेक कुठे असतो, एका चार्जवर किती जाते, बास्केटमध्ये विणकामाची पिशवी मावेल का, असं बारीकसारीक विचारत होती. माझ्या प्रगतीत तिला इतका रस आहे हे पाहून बरं वाटलं. मग विचारलं, येतोस कधी? म्हटलं, कागद झाले की. म्हणाली, अरे, फुटपाथवरून ये की हळूहळू, तिथे कागद कोण बघतंय? मी सांगितलं, फुटपाथ बाबागाड्यांसाठी असतो. त्यावर फोनमधून नुसता सुस्कारा ऐकू आला. लाइन खराब असावी.

शुक्रवार, २७ सप्टेंबर
दुसऱ्या खेपेला 'शेतीचं वाहन' लिहिलं होतं. तोही परत. यांना विनोद कळत नाही आणि कायदाही कळत नाही.

मंगळवार, १ ऑक्टोबर
पार्जिटर फाटकाशी सायकल थांबवून म्हणाला, हॅसलडीन, ऐकलं ते खरं का? तुमचाही टॅक्स शून्य? या मग आमच्या पंगतीला. मी म्हटलं, मी भरणार आहे. तर म्हणे, कोणाकडे? कुंपणापलीकडे जॅकी फिदीफिदी हसली. सवयीने काच वर करायला हात गेला. मी बागेत उभा होतो, त्यामुळे घरात जाऊन दार लावलं.

गुरुवार, ३ ऑक्टोबर
म्युरिएलचा फोन. म्हणाली, क्लिफर्ड, जुलैपासून तुझं तोंड पाहिलं नाही. तेरा तारखेला दुपारी केक कापणार आहे. जॅकी येतेय, पार्जिटर येतायत. तू बस आपला तत्त्वं उबवत. आणि फोन ठेवला. इतक्या वर्षांच्या संसारात तिने असा फोन कधी ठेवला नव्हता.

टोस्टवर बीन्स. गार. घर फार शांत आहे. तिची आठवण येते. हे इथे लिहून ठेवतो, कोणाला सांगायचं कारण नाही.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर
फॉर्म भरला. अपंग व्यक्तीचं वाहन. टॅक्स शून्य. सही केली. यात शरमण्यासारखं काही नाही. मी फक्त त्या वर्गातल्या वाहनाचा मालक आहे. घोड्याच्या मालकाला कोणी घोडा म्हणत नाही.

पोस्टाच्या पेटीपर्यंत चालत गेलो. येताना भिंतीवर दोनदा बसलो. भिंत छान आहे.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर
कागद आले! नंबर मिळाला. प्लेट आधीच सांगून ठेवली होती, संध्याकाळी बनवून आणली, मोटारीची असते तशी पूर्ण मापाची. स्कूटरच्या दोन्ही बाजूंनी वीतभर बाहेर येते. दोष स्कूटरच्या मापाचा आहे.

जॅकी स्वतःच्या फाटकात उभी राहून म्हणाली, सर, वाचा बघू इथून. हेच मी तिला पहिल्या टेस्टला विचारलं होतं, बाईने डूख धरलाय. तिच्या फाटकात जाऊन मी मोठ्याने, ठासून वाचली. ती म्हणाली, सर, दोन अक्षरं चुकली. तिला अक्षरओळख आधीपासूनच कमी.

रविवार, १३ ऑक्टोबर
सकाळी कोट, टाय, जुना परीक्षकाचा बिल्ला. हमरस्त्याला लागलो. सुरुवातीचा अर्धा मैल सर्वोत्तम. मग चढ. मागे मोटारींची रांग लागली. एकाने शेजारून जाताना काच खाली केली आणि ओरडला, आजोबा, रोड टॅक्स भरता का?

वाक्य माझं. सूरसुद्धा माझाच. हो म्हणायला तोंड उघडलं, पण टॅक्सच्या बाबतीत मी आयुष्यात खोटं बोललेलो नाही.

तेवढ्यात मागून घंटी वाजली. पार्जिटर. पिवळी चड्डी. तो माझ्या मागे राहिला आणि टेकडीवर पोचेपर्यंत एक हात बाहेर काढून त्याने सगळ्या मोटारी लांब ठेवल्या. मी त्याला बोलावलं नव्हतं. पोचल्यावर मी खाकरलो. त्याला ते पुरेसं वाटलेलं दिसलं.

म्युरिएल चालायचा वॉकर धरून दारात उभी होती. बारीक झालीय. म्हणाली, आलास. माझ्या गालाला हात लावला. मी टाय सरळ केला. मग म्हणाली, आता ऊठ.

उठलो. ती बसली.

लग्नानंतर मी तिला दोनदा गाडी शिकवली होती आणि तिसऱ्यांदा सांगितलं होतं की तुझ्या हातून हे होणार नाही. तिने पुन्हा विषय काढला नाही. मला वाटलं, पटलं असेल. आज तिने पार्किंगला दोन फेऱ्या मारल्या, वळताना सिग्नल दिला, आणि दोन मोटारींच्या मधल्या जागेत उलटी नेऊन अशी लावली की तिथल्या सगळ्या म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी दोष शोधत होतो. प्रामाणिकपणे शोधला. आरसा बघितला नाही, एवढाच सापडला. गाडीला आरसा नाहीच.

केक खाताना म्हणाली, ही इथेच राहू दे, मला समुद्रावर जायचंय. मी म्हटलं, कागद माझ्या नावावर आहेत. म्हणजे, ती म्हणाली, कागदावर अपंग तू? आणि इतकी हसली की तिला ठसका लागला. पुष्कळ दिवसांनी ऐकलं ते हसणं. म्हणून वाद घातला नाही.

जॅकीच्या मोटारीने परत आलो. डावी सीट, माझी नेहमीची. माझा पाय वाटभर परीक्षकाचा दुसरा ब्रेक शोधत होता. लागला नाही कुठे. घरापाशी ती म्हणाली, सर, पास का? मी म्हटलं, अंधारात नीट दिसलं नाही.

रविवार, २० ऑक्टोबर
म्युरिएलचा फोन. चार्जर शेडमध्येच राहिलाय, तो घेऊन ये. स्क्रूड्रायव्हरही आण, तुझी ती नंबरप्लेट काढायचीय, तिच्यात शाल अडकते.

जॅकी दुपारच्या जेवणानंतर निघू म्हणालीय. चार्जर मांडीवर घेऊन, कोट घालून बसलोय. नाश्ता झाल्यापासून.