पडद्यावर आलेलं पहिलं नाव

प्रिय रय्या,

तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं. तुझे बाबा, आमचे खलफानकाका, चार महिन्यांत पाटाकडे फिरकले नाहीत, मशिदीतही मागच्या दारानं जातात, असं तू लिहिलंस. त्यांनी तीस वर्षं गावच्या फलजचं, त्या सामाईक पाटाचं, पाणी वाटलं गं! त्यांची रीत आठवते? पाण्याची पाळी मागायला आलेला एक जण कॉफी पिऊन उठेपर्यंत दुसऱ्याला उंबऱ्याबाहेर थांबवायचे. पाणपाळ्या वेबसाइटवर आणायचं काम मला मिळालं, तेव्हा मी हसून त्यांना म्हटलं होतं, की माझं यंत्र एका वेळी शंभर जणांचं ऐकतं. ते म्हणाले, "ऐकेल पोरी. पण देईल कुणाला?" मला तो म्हातारचळ वाटला.

मग ती उन्हाळ्यातली पाळी. गावातल्या सैफनं मागितली, मशिदीच्या भिंतीवरच्या पडद्यावर त्याचं नाव आलं, काकांनी वाचून त्याला कळवलं. आपल्या बागेत उभ्या असलेल्या दुसऱ्या एका गावकऱ्याच्या, हमूदच्या, फोनवर मात्र ती अजून मोकळीच दिसत होती. त्यानं बटण दाबलं आणि सैफचं नाव पुसून हमूदचं चढलं. पहाटे दोन्ही घरं कुदळी घेऊन पाटाच्या तोंडाशी. हमूदच्या भावाचं डोकं फुटलं. पडद्यावर तर एकच नाव. सगळे म्हणाले, म्हाताऱ्यानं चुकीचं वाचलं. पंचांनी काकांचं काम काढून घेतलं, तेव्हा मी बायकांच्या बाजूला बसून सगळं ऐकत होते.

मस्कतला परतल्यावर तिसऱ्या दिवशी सर्व्हरच्या नोंदी उघडल्या. दोन्ही नावं होती, सैफचं आधी. पाळी मोकळी आहे का हे पाहणं आणि नाव लिहिणं, ही दोन्ही कामं एकाच कुलपाआड व्हायला हवी होती. मी कुलूपच घातलं नव्हतं. ते गुपचूप दुरुस्त केलं. आता एकाची मागणी पुरी होईपर्यंत दुसरी थांबते, मग पाळी मोकळी आहे का ते पुन्हा पाहिलं जातं, आणि मध्येच काही बिघडलं तर सगळं पुन्हा आधीसारखं होतं. म्हणजे काकांचीच रीत. आणि मी तोंड शिवून बसले. नोकरी जाईल, गाव तोंडावर थुंकेल, याची भीती वाटली.

पण तू लिहिलंस, की ते रोज तुला विचारतात, "सैफचं नाव मी खरंच पाहिलं होतं का गं?" आणि रविवारी तू त्यांना विसराळूपणासाठी डॉक्टरकडे नेणार आहेस. नेऊ नकोस. आधी हे पत्र त्यांना वाचून दाखव. सोबत त्या नोंदीचा कागद आहे. शुक्रवारी गावी येऊन तोच मी पंचांसमोर ठेवणार आहे. काकांनी मला माफ नाही केलं तरी चालेल. फक्त त्यांना एवढं सांग, नाव सैफचंच होतं.

अजून म्हणू देशील तर तुझीच,
जुवैना