गाड्यांचे कपाट नेत्राला

"विनू, गोंद सुकेपर्यंत बोट लावू नकोस, ठसा जन्मभर जात नाही." माझा थोरला भाऊ कौस्तुभ मला पहिले मॉडेल जोडायला शिकवताना हे म्हणाला होता. माझ्याकडे वाटण्यासारखे जे आहे ते तिथूनच सुरू झाले.

मी, विनया गंगाराम चुरी, वय सेहेचाळीस, अविवाहित, राहणार विरार पश्चिम. माझा आजार आता बरा होणारा नाही. बुद्धी शाबूत आहे. हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे.

माझा फ्लॅट व बँकेतील शिल्लक दादाची मुलगी नेत्रा हिला द्यावी. ती दर शनिवारी माझ्याकडे येते हे दादाला माहीत नाही, आता होईल.

गाड्यांचे काचेचे कपाटही नेत्राला. जुन्या ड्रॅग शर्यतींच्या, म्हणजे सरळ पट्ट्यावर धावायच्या शर्यतींच्या, गाड्यांची ही छोटी मॉडेल्स मी सुटे भाग जोडून, रंगवून केली आहेत. ओले फडके लावू नये; मऊ ब्रशने धूळ झटकावी. "आत्या, नुसत्या सरळच धावतात? मग बाजारात कशा जाणार?" असे ती लहानपणी विचारायची. आता चाके तीच बसवते. चिमटे, कानशीही तिलाच.

लाल गाडी वेगळी. ती दादाने वसईच्या प्रदर्शनात स्वतःच्या नावाने मांडली. "बाईने केली म्हटलं तर कोण बघणार?" म्हणाला. मी सगळ्यांदेखत गाडी उलटी करून गोंदात उमटलेला माझा अंगठा दाखवला. तेव्हापासून तो बोलत नाही. मी खरे तेच दाखवले. माफी मागत नाही. लाल गाडी कपाटातच, माझ्या नावाच्या चिठ्ठीसह राहावी.

वडिलोपार्जित केळीच्या वाडीतील माझा हिस्सा दादाला, विनाअट. बाबांमागे ती त्यानेच शिंपली.

मैत्रीण रेजिना साक्षीदार असल्याने तिला काही ठेवत नाही. "नकोच बाय," ती म्हणाली, "आधीच तुझे तीन डबे माझ्याकडं पडून हायत."

सही: विनया गंगाराम चुरी
साक्षीदार: १. रेजिना तुस्कानो, राजोडी २. क्लिफर्ड डाबरे, विरार
विरार, दि. ११ नोव्हेंबर २०२५

सहीखालचा मजकूर मृत्युपत्रात धरत नाहीत, असे वकीलबाई म्हणाल्या. म्हणून हे इथे लिहिते. एक प्रत नेत्राच्या हाती दादाला आजच पाठवत आहे, मी असतानाच.

दादा, औषधांनी बोटे बधिर झाली आहेत. टेबलावरच्या शेवटच्या गाडीच्या इंजिनाच्या वायरी मला ओवता येत नाहीत. तू नाही म्हणशील, ठाऊक आहे. बोलायचे नसेल तर बोलू नकोस. पण रविवारी ये आणि तेवढ्या वायरी लावून दे.