गावला नाय

डोंबिवली पश्चिम,
१४ डिसेंबर १९९८

प्रिय मंजुळा,

अगं, आधी नीट बस. हातात चहाचा कप असेल तर तो खाली ठेव, कारण हे वाचताना तू हातवारे करणारच, आणि चहा साडीवर सांडला की शिव्या मला घालशील. आपल्या शाळेतले कॉम्प्युटर मराठी बोलायला लागले! आणि मराठी म्हणजे कुठलं, ते कळलं तर तू खुर्चीतून उठशील. पण थांब. तू शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर म्हणायचीस ना, की सुमतीला गणित शिकवायला द्या पण गोष्ट सांगायला देऊ नका, ही उत्तर आधी सांगून मोकळी होते. म्हणून आज मनावर दगड ठेवून सगळं क्रमाने सांगते.

तू शाळा सोडलीस त्याच्या पुढच्याच जूनमध्ये माजिवड्याच्या एका कंपनीने आपले जुने सहा कॉम्प्युटर शाळेला दिले. टेम्पो कोपरपर्यंत आला आणि आपल्या गल्लीच्या तोंडाशी अडकला. मग नववीच्या मुलांनी ते खोके गणपती आणावेत तसे मिरवत आणले. शिपायाने उत्साहाच्या भरात हळदकुंकू वाहिलं, ते एका कीबोर्डात गेलं, आणि त्याचं एक बटण आजही कुंकवामुळे अडकतं. शिकवायचं कोणी? गणिताच्या बाई म्हणून माझ्या गळ्यात. मी पन्नाशीला टेकलेली बाई, मला माउस धरता येईना. पण शिकले. खाडीकडची मुलं, ज्यांना साधा टीव्हीसुद्धा शेजाऱ्याकडे बघावा लागतो, ती मधल्या सुट्टीत डबा सोडून त्या खोलीबाहेर रांग लावायची. त्यांच्याकडे बघून मी शिकले.

आणि मग माशी शिंकली. त्या यंत्रांना काम सांगणारे जे प्रोग्राम असतात, सॉफ्टवेअर म्हणतात ते, सगळे कॉपी मारलेले निघाले. कंपनीने विकतचे घेतले होते एका यंत्रापुरते आणि चढवले होते सगळ्यांवर. आपले चिटणीस भाऊ देवधर यांनी ते कुठेतरी वाचलं, वकिलाला विचारलं, आणि शाळेत येऊन जाहीर केलं की ही चोरी आहे, संस्था चोरीच्या मालावर ज्ञानदान करणार नाही. त्यांचं म्हणणं चूक नव्हतं, हे मी मान्य करते. पण विकत घ्यायला संस्थेकडे पैसे कुठले? नेमका तेव्हाच स्टेशनजवळचा एक कॉम्प्युटर क्लासवाला आला. खोली मला द्या, म्हणाला, मी नवी यंत्रं, नवी सॉफ्टवेअरं सगळं आणतो, शाळेच्या मुलांना फीमध्ये सवलत देतो. सवलत दिली तरी फी ती फीच. आपली खाडीकडची पोरं त्या खोलीत परत पाऊल टाकणार नव्हती, हे मला आणि भाऊंना दोघांनाही ठाऊक होतं. फरक इतकाच की मला झोप येईना.

तर आता माझी सुमेधा. तुझ्या मांडीवर बसून बोंबील खायला शिकलेली ती पोरगी आता इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीला हॉस्टेलवरून आली ती एका मासिकाबरोबर मिळालेली सीडी घेऊन. म्हणाली, आई, रडतेस काय, यात लिनक्स नावाचं सॉफ्टवेअर आहे, हे घाल. मी म्हटलं, पुन्हा चोरी? तर तिने मला त्याची परवानगी वाचून दाखवली. मंजुळे, मी आयुष्यात असा कायदेशीर कागद पाहिला नव्हता! हे घ्या, हवं तितक्या यंत्रांवर चढवा, उघडून आत कसं लिहिलंय ते बघा, पटलं नाही तर बदला, दुसऱ्याला द्या. अट एवढीच, की ज्याला द्याल त्यालाही हे सगळं करायची मुभा द्या. मी तिला तीनदा वाचायला लावलं. कुठे बारीक अक्षरात काही मेख आहे का, म्हणून चष्मा पुसून पुन्हा स्वतः वाचलं. मेख नव्हती.

चढवताना मात्र नाकी नऊ आले. सीडी वाचणारं यंत्र सहापैकी एकाही कॉम्प्युटरात नव्हतं. सुमेधाच्या मित्राचं एक मागून आणलं आणि ते या डब्यातून काढ, त्या डब्यात घाल, असं करत आम्ही दोघींनी अख्खी दिवाळीची सुट्टी त्या खोलीत काढली. फराळाचा डबा कुंकूवाल्या कीबोर्डाशेजारी. शेवटी चित्रं वगैरे काही आली नाहीत, या जुन्या यंत्रांना ती झेपेनात. काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं. मला वाटलं, मुलं हिरमुसतील. पण पाटीवर शिकलेल्या पोरांना काळ्या पडद्याचं काय नवल!

मुलांना अडवलं ते वेगळ्याच गोष्टीने. एखादी आज्ञा टाइप करताना अक्षर चुकलं की यंत्र इंग्रजीत सांगायचं, कमांड नॉट फाउंड. मुलं बिचकायची, हात मागे घ्यायची. काहींना वाटायचं आपण बिघडवलं. आठवीत गोदा भोईर म्हणून मुलगी आहे, वडील रेतीच्या होडीवर, वर्गात कधी तोंड उघडत नाही. तिने मला हळूच विचारलं, बाई, ह्यो काय बोलतंय? मी गणिताच्या बाईला शोभेल असं भाषांतर केलं: आज्ञा सापडली नाही. ती म्हणाली, मंग सरल 'गावला नाय' असा बोल ना त्याला!

मी सुमेधाला फोन केला. ती म्हणाली, आई, त्यात काय, मूळ मजकूर आपल्याकडे आहेच. रविवारी आली, त्या प्रोग्रामच्या पोटात शिरली, ती ओळ शोधून काढली, इंग्रजी शब्द खोडून इंग्रजी अक्षरांतच 'गावला नाय' लिहिलं आणि प्रोग्राम पुन्हा बांधायला लावला. जुनं यंत्र ते, दुपारभर कण्हत होतं. आम्ही दोघी पोहे खाऊन, चहा पिऊन, एकमेकींच्या उखाळ्यापाखाळ्या काढून संपल्या तरी त्याचं आपलं चालूच. मग झालं. विकतच्या प्रोग्राममध्ये हे करताच आलं नसतं, अगं. तो बंद डबा. आत काय लिहिलंय तेच दिसत नाही, तर खोडणार काय!

सोमवारची मजा तू पाहायला हवी होतीस. पहिल्या पोराचं अक्षर चुकलं, पडद्यावर आलं, गावला नाय. तो ओरडला, आरं, ह्यो आपला हाय! आणि मग, देवा रे देवा, सगळा वर्ग मुद्दाम चुका करायला लागला! कोणी आपलं नाव टाइप करतोय, कोणी गावाचं, कोणी बोंबील, कोणी कोलंबी, आणि प्रत्येकाला उत्तर एकच. हसून हसून बेजार. एका बेट्याने तर माझं नाव टाइप केलं, आणि यंत्र म्हणालं, गावला नाय. मी रागावायचं सोडून हसत बसले. पण गंमत अशी की, कुठला शब्द गावत नाही ते शोधता शोधता कुठला गावतो तेही त्यांना कळायला लागलं. आठवड्यात ती पोरं मी महिन्यात शिकवलेलं शिकली. गोदा तर आता इतरांना शिकवते, आणि मोठ्याने.

हे सगळं कानावर गेल्यावर भाऊ खोलीत आले. पडद्यावर ते दोन शब्द पाहिले आणि त्यांचा चेहरा असा झाला की जणू भिंतीवर कोणी शिवी लिहिली. म्हणाले, सुमतीबाई, संगणकावरसुद्धा ही भाषा? तोच सूर, मंजुळा. खाडीवरचा निबंध मुलांना त्यांच्या बोलीत लिहू दिलास म्हणून तुला मिळालेल्या मेमोत होता तोच. 'वर्गात ही भाषा नको.' तू त्या मेमोवर सही केली नाहीस आणि त्याच जागी राजीनामा लिहून दिलास. ते मला आठवलं आणि माझा पारा चढला. मी म्हटलं, भाऊ, या भाषेत पोरं चुकायला घाबरत नाहीत, आणि जी चुकायला घाबरत नाहीत ती शिकतात. ते दाराकडे वळले. शनिवारी संस्थेची सभा बोलावतो म्हणाले.

परवा ती सभा झाली. मी चांगली नऊवारी नेसून गेले, का ते विचारू नकोस. भाऊंनी सुरुवातच केली की फुकट ते पौष्टिक मानणाऱ्यांतला मी नव्हे, आणि जो माल कोणीच विकत नाही त्याला वाली कोण? मी सांगत होते की हे मुक्त आहे, फुकट हा त्यातला लहानसा भाग, पण माझं मलाच पटेना असं मी बोलत होते. मग आपल्या शाळेला जागा देणारे सहदेव म्हात्रे, ते कधी बोलत नाहीत, त्यांनी विचारलं, बाई, सगला खरा, पन याचा मालक कोन?

आणि मला तुझी आई, आवडाबाई, आठवली. तुझ्या बहिणीच्या, रंभाच्या हळदीला मी आले होते ना, तेव्हा त्या लग्नातला धवला गात होत्या. मला वाटायचं लग्नाची गाणी म्हणजे गाणी. तू मला कोपऱ्यात बसवून समजावलंस, की धवलारीण हे सगळं आपल्या सासूकडून घेते, प्रत्येक लग्नात त्यात नवरानवरीची, मामामावश्यांची नावं, गावचं नाव ओवते, कुठे चार ओळी वाढवते, आणि शिकायला येईल तिला सगळाच्या सगळा देते. अर्धा झाकून ठेवणारी धवलारीण नसते, म्हणालीस. मी सभेत तेच विचारलं. म्हात्रेसाहेब, धवल्याचा मालक कोण?

ते मोठ्याने हसले. बाकीच्यांकडे वळून म्हणाले, चेंदणीच्या आवडाबायनं माझ्या हलदीला धवला घातला, तवा माझ्या मामाचा नाव वोवला त्यात. जुन्या धवल्यात माझा मामा व्हता काय? आणि मामा गेला, आवडाबाय गेली, पन माझ्या सुनेच्या हलदीला बायांनी ती मामाच्या नावाची वल अजून बोलली! झालं. तिथून पुढे सभा फिरली. जो तो आपल्या घरच्या लग्नाचं सांगायला लागला. भाऊंनी दोनदा घंटी वाजवली.

पण भाऊ म्हणजे भाऊ. त्यांनी शेवटी एक मुद्दा काढला आणि तो रास्त आहे, म्हणून जास्त राग आला. ते म्हणाले, दोन शब्दांनी काय होतं? यंत्र शेकडो वाक्यं बोलतं, ती सगळी मुलांना कळतील अशी कोण लिहिणार? आणि बोलीवरून पुस्तकी मराठीपर्यंत मुलांना हाताला धरून कोण आणणार? सुमतीबाईंना ती बोली येते का? नाही येत गं. मी प्रयत्न केला होता, माझं एक वाक्य ऐकून गोदा हसता हसता बाकावर आडवी झाली. सभेत ठरलं असं: दोन्ही भाषा येणारी जबाबदार शिक्षिका मिळाली तर खोली शाळेकडे राहील. नाही मिळाली तर येत्या रविवारी क्लासवाल्याला होकार.

आता खरं सांगते, हे पत्र मी कशाला लिहितेय. सभेत त्यांनी विचारलं, अशी शिक्षिका आहे कोण? आणि मी तुला न विचारता तुझं नाव सांगून मोकळी झाले. मग सहदेव म्हात्रे म्हणाले, मग आधी त्यो मेमो मागं घ्या. आणि भाऊंनी, अगं त्या भाऊंनी, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि ठरावाला अनुमोदन स्वतः दिलं. मेमो रद्द झाला, मंजुळा. कागदोपत्री. तू शनिवारपर्यंत हो किंवा नाही कळव. नाही म्हणालीस तर मी रागावेन, पण जबरदस्ती करणार नाही. आज वर्गात मी मुलांना सांगितलं, की कदाचित एक नव्या बाई येतील, त्या पूर्वी इथेच होत्या. गोदाने विचारलं, मंग गेली कशापायी? मी म्हटलं, तुमच्या भाषेपायी गेली. पोरगी म्हणाली, आमची भाषा तर हितंच हाय, मंग ती बाय कुठं गेली?

तुझीच, तुझ्या होकारासाठी दाराकडे कान लावून बसलेली,
सुमती